उरलेल्या पट्ट्यांचं कार्ड

सोमवार, ६ जानेवारी

हाताचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओ मुलीचा हुकूम आहे. रोज चार ओळी लिहायच्या, उजव्या हातानं. काय लिहू, विचारलं तर म्हणते, काहीही लिहा. हात माझा, कळा माझ्या, हिला काय! अक्षर बघून माझी मलाच लाज वाटते. झाल्या चार ओळी.

बुधवार, ८ जानेवारी

हात दुखतोय. वन्संनी बटाटे सोलले, माझे केस विंचरले, स्वेटरची बटणं लावली. मी नुसती बसून. जन्मभर शिवणकाम केलं, गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कपड्यांना बटणं लावली, आणि आता माझी बटणं दुसरं कुणी लावतंय.

रविवार, १२ जानेवारी

आज बोटं जरा ऐकताहेत, तर लिहून घेते.

ऑक्टोबरात उजव्या अंगावरून वारं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं एक बॅग घेऊन दवाखान्यात हजर. "चार दिवस आलेय," म्हणाल्या. ते चार दिवस अजून चालूच आहेत. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे खरं तर त्या माझं काही देणं लागत नव्हत्या. त्यातून आमचं कधी एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. मी म्हणेन पंखा लावा, त्या म्हणतील खिडकी उघडा. मी बोलकी, त्या मोजून बोलणार. तरी आल्या. मला न्हाऊ घातलं, लहान मुलासारखं भरवलं, रात्री मी रडले तेव्हा दिवा लावून काही न बोलता शेजारी बसून राहिल्या. माझ्या सख्ख्या आईनं यापेक्षा जास्त काय केलं असतं?

आणि हे त्यांना सांगायची सोय नाही. मी नुसतं "वन्सं, तुमचे उपकार" म्हटलं की यांचं दूध उतू जायला लागतं. दूध फ्रिजमध्ये असलं तरी.

शुक्रवार, १७ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई बघायला आल्या होत्या. वन्सं पाव आणायला गेलेल्या बघून मी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. वन्सं शेवटी आपल्या लेकाकडे परत जाणारच. त्याआधी त्यांचे आभार मानायचे आहेत, पण तोंडी मानू देत नाहीत.

"मग हातानं माना की," बाई म्हणाल्या. "कार्ड करा."

मी हात वर करून दाखवला. बोटं लटपटत होती. "या हातानं?"

"याच हातानं. मी सांगते ना तुम्हाला."

त्यांची पद्धत अशी. कॅनव्हासचा मोठा तुकडा घ्यायचा, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. वाळला की रंग लावत सुटायचं, थरावर थर. चित्र काढायचंच नाही. मग एका कागदाला चौकोनी खिडकी कापायची आणि ती कॅनव्हासवर फिरवत राहायची. जिथं डोळा थांबेल, तेवढाच तुकडा कापून घ्यायचा आणि जाड कागदाच्या कार्डावर लावायचा. भोवती टाके, लेस, बटण, काय हवं ते. "बाकीचा कॅनव्हास कापून टाकायचाच असतो," बाई म्हणाल्या, "म्हणून बिघडण्याची भीतीच नाही. बिघडलेलं खिडकीबाहेर राहतं."

मला ते फार पटलं. देव या बाईचं भलं करो. संध्याकाळी त्यांनी उशीच्या अभ्र्याएवढा कॅनव्हास, रंगाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या आणि एक रुंद ब्रश गुपचूप आणून दिला.

बुधवार, २२ जानेवारी

वन्सं सकाळी दुकानात जातात तेवढा वेळ माझा. कडेनं सुरुवात केली. ब्रश धरला तर धरला, सुटला तर सुटला. निळ्याच्या रेघा म्हणायच्या की कोंबडी नाचून गेली म्हणायचं, कळत नाही. कॅनव्हास शिवणयंत्राच्या मागं, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

शनिवार, २५ जानेवारी

धुणं धुताना वन्संना माझ्या बाहीवर निळा डाग सापडला.

"हे काय?"

मी चटकन म्हटलं, "शाई."

"शाई," त्या म्हणाल्या आणि डाग चोळत राहिल्या. बरं झालं, त्यांना पटलं. साध्या आहेत बिचाऱ्या.

शनिवार, १ फेब्रुवारी

हल्ली वन्संना दुकानात फार वेळ लागतो. एक पाव आणायला जातात आणि गारठून, नाक लाल करून परत येतात. कुणाशी गप्पा मारतात कोण जाणे, एरवी तर तोंडातून शब्द फुटत नाही. मला बरंच आहे म्हणा. आज पिवळ्यावर पिवळा दिला, मग जुन्या बसपासच्या कडेनं रंग खरवडला, तर खालचा निळा असा काही वर आला की मी एकटीच "अगं बाई!" म्हणाले.

हाताला पण अक्कल येतेय. काल सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात नाही, पण ओवला. सुई घेऊन वन्संना दाखवायला धावले. त्या फोनवर लेकाशी बोलत होत्या. सुईकडे बघितलं आणि फोनवर म्हणाल्या, "नाही रे, अजून हात नीट नाही तिचा. इतक्यात कसं येऊ?"

डोळ्यांसमोर सुई नाचवतेय तरी यांचा विश्वास नाही. माणसानं इतकं संशयी असू नये.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बटाटे सोलायला घेतले. मजेत सोलत होते. वन्सं आल्या आणि हातातून सोलणी काढूनच घेतली. "जाड सालं काढतेस. अर्धा बटाटा सालीत चाललाय." सालं खरंच जाड होती, पण एवढं रागावण्यासारखं काय? कंटाळल्या असतील माझ्या दुखण्याला. माणूस किती करेल? मला लवकर धडधाकट व्हायला हवं, म्हणजे त्या सुटतील एकदाच्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मूठ वळून दाखवली, त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत भरून दाखवल्या. डॉक्टर खूश. म्हणाले, आता तुम्ही एकट्या राहू शकता.

वन्संनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"रात्रीबेरात्री काही झालं तर?"

"काही होणार नाही, आजी."

"जिना?"

"जिनाही चढतील."

परतताना बसमध्ये मी म्हटलं, सुटलात हो वन्सं, आता घरी जाता येईल. त्या खिडकीबाहेर बघत "हूं" म्हणाल्या. घरी आल्यावर लेकाचा फोन आला, नातवंडांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, बघायला कुणी नाही. मार्चच्या दोन तारखेला, रविवारी, तो गाडी घेऊन न्यायला येणार.

म्हणजे कार्ड त्याआधी व्हायलाच हवं. नाही तर वन्सं तशाच जातील आणि माझं सगळं मनातच राहील.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कपाळाला हात लावून बसलेय. काय सांगू!

कॅनव्हास झाला होता. सोन्यासारखा झाला होता. मधोमध एक जागा अशी, की खिडकी तिथून हलेना. निळ्यातून पिवळं वर येतंय आणि कडेला जरासं शेंदरी. आज कापायचं ठरवलं होतं. वन्सं बाहेर गेल्याबरोबर शिवणयंत्राच्या मागं हात घातला तर हाताला भिंत लागली. यंत्र ओढलं, गादी उचकली, कपाटाखाली वाकून बघितलं. नाही.

दुपारी वन्सं आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे एवढं मोठं धूड काखेत घेऊन. सोडलं तर माझा कॅनव्हास. चौकटीत! काच लावून, मागं तार बांधून!

"एवढं चित्र काढलंस आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलंस?" त्या म्हणाल्या. "हे मी नेणार. तिकडे माझ्या खोलीत पलंगासमोर भिंत रिकामी आहे."

कापायचं होतं म्हणून सांगू कशी? सांगितलं तर का, कशासाठी, सगळंच बाहेर येतं. आणि चौकट धरलीय ती पण उलटी, शेंदरी कोपरा खाली! पण उलट-सुलट असं काही त्यात नव्हतंच मुळी, म्हणून तेही बोलता येईना. त्या ते भिंतीला टेकवून समोर बसल्या आणि चहा गार होईपर्यंत बघत राहिल्या. मला वाटलं काचेवर डाग शोधताहेत.

राग आला, खरं सांगते. विचारून तरी न्यावं की नाही? मग मीच मला म्हटलं, बाई गं, जिनं तुझं अंथरूण धुतलं तिनं तुझा एक कॅनव्हास उचलला तर तुला एवढं लागतंय?

गुरुवार, २० फेब्रुवारी

जीव भांड्यात पडला. चौकटीत बसवताना दुकानदारानं कॅनव्हासच्या कडा कापल्या होत्या, आणि वन्सं कधी काही टाकतात का? त्या पट्ट्यांची सुरळी करून, रबर लावून दोऱ्यांच्या डब्यात ठेवली होती. "कापड चांगलं होतं, फेकवेना," म्हणाल्या.

पट्ट्या दोन बोटं रुंदीच्या. त्यावर माझ्या सगळ्यात पहिल्या, कोंबडीच्या रेघा. बाईंकडे पळत वर गेले. पळत म्हणजे आपलं कठडा धरून. बाई पोट धरधरून हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग पट्ट्याच लावा की. शेजारी शेजारी, उभ्या."

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहिलं कार्ड वाया गेलं. टाके फार जवळजवळ घातले, तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा ओळीनं फाटला. कापडाला चालतं ते कागदाला चालत नाही. बाईंनी शिकवलं, आधी टोच्यानं लांब लांब भोकं पाडून घ्यायची, मग सुई घालायची. आणि गोंद लावला की कॅनव्हास कडेनं वर उठतो, म्हणून रात्रभर त्यावर वजन. मी कार्ड वहीत घालून वर इस्त्री ठेवली. वन्संनी विचारलं, इस्त्री वहीवर का ठेवलीय? म्हटलं, वही चुरगळलीय. हे पण पटलं त्यांना.

बुधवार, २६ फेब्रुवारी

झालं! पट्ट्या कमीजास्त उंचीच्या, एकीवर पांढऱ्या लेसचा तुकडा, एका कोपऱ्यात शिंपल्याचं बटण, आणि सगळ्याभोवती लाल दोऱ्याचा धावता टाका. टाके सारखे नाहीत. ज्या हातानं लोकांचे कोट उसवून पुन्हा शिवले त्या हाताचे हे टाके म्हणजे पहिलीतल्या पोरीचे. पण माझे आहेत. चार महिन्यांपूर्वी हा हात उशीवर दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पडलेला असायचा. आज मी त्याला तोंडानं "शाब्बास रे" म्हटलं.

आता आत काय लिहायचं? "आपली ऋणी" लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं. "शतशः धन्यवाद" म्हणजे सभेत पाहुण्यांना हार घालतात तसं. पुष्कळ कागद खराब केले आणि शेवटी साधंच लिहिलं:

"वन्सं, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता मी ठीक आहे. माझी काळजी करू नका."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातली. त्यांना निर्धास्त मनानं जाता यावं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चहा झाल्यावर पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, दूध फ्रिजमध्ये आहे, गॅस बंद आहे, आता कुठं पळू नका.

त्यांनी चष्मा पुसून लावला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग कार्ड उघडून आतल्या बाजूनं टाके बघितले. "गाठी चांगल्या मारल्यास," म्हणाल्या. तोंडावर हसू होतं. मी खुर्चीच्या टोकाला आलेली. मग त्यांनी मजकूर वाचला. एकदा वाचला, परत वाचला, आणि कार्ड मिटून पाकिटात घातलं.

"आभार कसले मानतेस?" म्हणाल्या. "मी काय पाहुणी होते?"

"तसं नाही हो, पण..."

"बरं." त्या उठल्या. "आवरायला हवं. परवा जायचंय."

आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागल्या. कपडे अजून दमट होते. एवढी घाई कसली झालीय घरी जायची?

शनिवार, १ मार्च

वन्सं मला घर दाखवत होत्या. माझंच घर! गोळ्यांचा डबा इथं, गॅसचा कॉक असा फिरवायचा, डॉक्टरांचा नंबर फोनशेजारी भिंतीवर. सकाळी एकदा झालं, दुपारी पुन्हा. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, ठाऊक आहे हो मला. घर माझंच आहे ना?"

त्या एकदम खुर्चीवर बसल्या. "हो गं," म्हणाल्या. "तुझंच."

त्यानंतर माझ्याकडे न बघता बॅग भरत बसल्या. कार्ड आवडलं नाही, दुसरं काय? उरलेल्या पट्ट्याच त्या. चांगला भाग चौकटीत जाऊन बसला आणि मी माणसाच्या हातात कडा ठेवल्या. वाईट वाटतंय. एवढी एकच गोष्ट नीट करायची होती.

रविवार, २ मार्च

सगळं लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

भाचा, वन्संचा लेक, सकाळी आला. बॅग आणि ती चौकट घेऊन खाली गाडीत ठेवायला गेला. वन्सं दाराशी चपला घालत होत्या. खालपर्यंत सोडायला जावं म्हणून मी स्वेटर अंगात घातला, आणि वन्संनी रोजच्यासारखी माझी बटणं लावायला घेतली. खालून वर.

मला लावता येतात. महिना झाला येताहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे. पण आज मी हात खाली सोडले. त्यांनी एक बटण लावलं. काजात नीट बसलेलं बटण परत काढलं, परत लावलं. दुसऱ्याला तसंच. शेवटच्या बटणाशी आल्या आणि ते नुसतं चिमटीत धरून उभ्या राहिल्या. मान खाली, पांढरा भांग माझ्या नाकासमोर.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सुई दाखवली तेव्हा काय झालं, बटाट्याचं काय झालं, बसमधलं "हूं" कसलं होतं. अरे देवा! मी एवढे दिवस या बाईला काय सांगत होते? बघा मला येतं, बघा तुमचं काम संपलं. आणि वर ते रंगवून, टाके घालून, बटण लावून हातात दिलं!

"वन्सं, राहा," मी म्हटलं.

त्यांनी झटक्यात वर बघितलं. "का? कुठं दुखतंय?"

"नाही."

"चक्कर येतेय?"

"नाही हो. सगळं छान आहे. बटणं पण लावता येतात मला."

"मग कशाला राहू?"

"कशालाच नाही. काम काही नाही. तुम्ही असलात की मला बरं वाटतं, एवढंच."

त्या मग चपला काढायच्या स्टुलावर हळूच बसल्या. "आईच्या दुखण्याला शाळा सोडवून बसवलं होतं मला," म्हणाल्या. "मग बहिणींच्या बाळंतपणांना बोलावणं आलं. सासूबाईंचं अंथरूण झालं, मग नातवंडं झाली. तुझ्याकडे तर कुणी बोलावलंही नव्हतं, मीच आले. पण काम होतं म्हणूनच आले ना?" त्यांनी पदर नाही, रुमाल नाही, सरळ माझ्या स्वेटरची बाही ओढून डोळे पुसले. "काम नसताना राहा म्हणून मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं गं."

मीही रडले. दोघी मिळून दारात हे असं! मग वन्संनी नाक पुसलं, पर्समधून पाकीट काढलं, कार्ड उघडून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाल्या, "ते काळजी करू नका लिहिलंयस तेवढं खोड. बाकीचं राहू दे. छान झालंय ते." मी तिथंच भिंतीवर कार्ड टेकवून खोडलं.

एवढ्यात भाचा किल्ल्या वाजवत वर आला. "आई, निघायचं ना?"

"परीक्षा होईपर्यंत येते," वन्सं म्हणाल्या. "संपल्या की मला इथं आणून सोड."

"इथं?" तो माझ्याकडे बघायला लागला. "पण मामी आता बरी आहे ना?"

"बरी आहे. म्हणून तर यायचंय."

त्याला काही कळलं नाही. मी म्हटलं, बस जरा, चहा टाकते, मग निघा. चहा मीच केला, कपात मीच ओतला, थोडा बशीत सांडला. वन्सं उठल्या नाहीत. खिडकीशेजारच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, काही न करता.